मुरुमाच्या एका ब्रासमध्ये किती पाणी?

काही वर्षांपूर्वी भिवंडी तालुक्यातील एका शाळेत खडकांविषयी बोलण्यासाठी मी गेलो होतो. जून महिना नुकताच लागला होता आणि पाऊस अजून यायचा होता. बोलणे संपल्यावर सातवीतील एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, कोकणात खूप पाऊस पडतो असे भूगोलाच्या पुस्तकात आहे. मग आमच्या पाड्यावर मे महिन्यात टँकर का येतो?"

वर्गात थोडा हशा पिकला. मुलांना प्रश्न सोपा वाटला असावा. मला तो तसा वाटला नाही, कारण हाच प्रश्न मोठी माणसे विचारीतच नाहीत. विहीर आटली की ती म्हणतात, "बोअर मारा." बोअरला पाणी लागले नाही की म्हणतात, "आणखी शंभर फूट जा." त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बोअरच्या तळाशी नाही, ते आपल्या पायाखालच्या पहिल्या आठ-दहा मीटरांत आहे. आणि नेमका तोच थर आपण आज ट्रकमध्ये भरून विकतो आहोत. हा व्यवहार तोट्याचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. तुम्ही गणित तपासून पाहा आणि मग आपले मत ठरवा.

प्रथम पावसाचा विचार करू. भिवंडीत वर्षाला सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. २,५०० मिलिमीटर म्हणजे अडीच मीटर. पडलेला सगळा पाऊस जागच्या जागी उभा राहिला असता, तर तो उंच माणसाच्याही डोक्यावरून गेला असता. एवढे पाणी चार महिन्यांत येते आणि आठ महिने पुरत नाही. ज्याच्या घरी मोठी मिळकत असूनही महिनाअखेर उसनवारी करावी लागते, त्याची मिळकत तपासण्यापूर्वी त्याची तिजोरी तपासावी. आपली तिजोरी आहे खडकाची.

खडकात पाणी राहते तरी कुठे?

जमिनीखाली नद्या वाहतात, मोठमोठी तळी असतात, अशी समजूत फार जुनी आहे. चुनखडीच्या प्रदेशात गुहांमधून झरे वाहतात हे खरे आहे. पण भिवंडीच्या खाली चुनखडी नाही. तिथे आहे काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग या थरांनी व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या डोंगरांना दिसणाऱ्या पायऱ्या याच थरांच्या आहेत. म्हणून त्यांना 'दख्खन ट्रॅप' असे नाव पडले. स्वीडिश भाषेत 'ट्रॅपा' म्हणजे जिना.

बेसाल्ट हा स्फटिकमय खडक आहे. लाव्हा थिजताना त्यातील खनिजांचे बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतून बसले. त्यामुळे ताज्या बेसाल्टमध्ये पाणी शिरायला जागाच उरलेली नाही. तुम्ही एक साधा प्रयोग करून पाहा. एक तांब्या कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि त्यात वाटीवाटीने पाणी ओता. तांब्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतके पाणी त्या वाळूत सहज मावेल, कारण कणाकणांच्या मध्ये जागा असते. आता काळ्या दगडाची मुठीएवढी ताजी फोड घ्या, तिचे वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. घरच्या तराजूवर फरक दिसला तर नशीब समजा!

मग विहिरीत पाणी येते कोठून? ते येते खडकाच्या फटींतून आणि खडक झिजून झालेल्या मुरुमातून. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला तडे गेले. असे तडे किती नियमित असू शकतात, हे पाहायचे असेल तर मुंबईत अंधेरीला जाऊन गिल्बर्ट हिल नावाचा सुळका पाहावा. उभ्या खांबांची मोळी बांधून ठेवल्यासारखा तो दिसतो. प्रत्येक लाव्हाथराच्या माथ्याजवळ वायूचे बुडबुडे अडकून खडक जाळीदार झाला. पुढे त्यांतील बरेचसे बुडबुडे झिओलाइट, कॅल्साइट अशा पांढऱ्या खनिजांनी भरून गेले. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. हा पट्टा चिकणमातीसारखा असल्याने पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, आपल्या डोक्यावर धरून ठेवतो.

या सर्वांच्या वर असतो झिजलेला थर. पाणी, हवा आणि झाडांची मुळे हजारो वर्षे खडकावर काम करतात. तड्यांच्या कडेने खडक कुजतो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि त्याचा मुरूम होतो. एखाद्या बंद पडलेल्या खाणीची भिंत किंवा महामार्गासाठी कापलेला डोंगर लांबून, मोठ्या माणसांच्या सोबतीने पाहा. वर हातभर माती, तिच्याखाली तपकिरी मुरूम, मग फटी पडलेला खडक आणि तळाशी अखंड काळा पाषाण, असा क्रम तुम्हाला दिसेल. आपल्या विहिरींचे पाणी मुख्यतः मधल्या दोन थरांत राहते. शास्त्रज्ञ अशा पाणी धरणाऱ्या व देणाऱ्या थराला 'जलधर' म्हणतात. भिवंडीचा जलधर हा असा पातळ आहे. ते अंथरलेले गोधडे आहे, खोल रांजण नव्हे. पूर्व विदर्भात, नांदेडच्या देगलूर भागात ग्रॅनाइटसारखे आणखी जुने स्फटिकमय खडक आहेत. त्यांची गोष्टही फारशी वेगळी नाही. तेथेही पाणी झिजेत आणि फटीतच राहते.

शंभर घागरी खडक, दोन घागरी पाणी

आता मोजमापाकडे वळू. पाण्याने भरलेल्या मुरुमातून आणि फुटक्या खडकातून विहिरीला किती पाणी मिळू शकते? झिजलेल्या बेसाल्टसाठी हा आकडा साधारण १ ते ३ टक्के येतो. आपण २ टक्के धरू. शंभर घागरी मावतील एवढा खडक घेतला, तर त्यातून दोन घागरी पाणी निथळून येते. बाकीचे एकतर घन दगड असते किंवा कणांना चिकटून राहिलेला ओलावा असतो. गंगेच्या मैदानातील वाळूचा थर याच्या सात-आठ पट पाणी देतो.

पाऊस किती मुरतो? भूजलाचा हिशेब करणारे शास्त्रज्ञ झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाचे सुमारे ७ टक्के पाणी मुरते असे धरतात. २,५०० मिलिमीटरचे ७ टक्के म्हणजे १७५ मिलिमीटर, एक वीत भरेल न भरेल एवढे पाणी. पण हे वीतभर पाणी राहणार आहे २ टक्के रिकाम्या जागेत. १७५ ला ०.०२ ने भागा. उत्तर येते ८,७५० मिलिमीटर, म्हणजे पावणेनऊ मीटर! वीतभर पाण्याने खडकातली पाण्याची पातळी पावणेनऊ मीटरांनी चढते. मे महिन्यात तळ दाखवणारी विहीर पावसाळ्यात हाताने पाणी घेण्याइतकी का भरते, ते आता लक्षात आले असेल. पाणी फार आलेले नसते, भांडे लहान असते.

भांडे लहान असण्याचा दुसरा परिणाम असा की ते लवकर भरते. भर पावसाळ्यात खेड्यातल्या विहिरी तुडुंब होतात. त्यानंतर पडणाऱ्या पावसाला खाली जागाच नसते. तो शेतावरून ओढ्यात, ओढ्यातून कामवारी नदीत, नदीतून खाडीत जातो. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा आपण सर्वांनी ऐकली आहे. देशावर, जेथे विहिरी पावसाळ्यातही निम्म्या रिकाम्या असतात, तेथे ती अगदी योग्य आहे. पण कोकणात जुलै महिन्यात शोषखड्डा खणून पाणी जिरवायला निघालो, तर भरलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखे होईल. शहरात जेथे उपसा मोठा आहे आणि बोअर भराभर रिकाम्या होतात, तेथे पावसाळ्यातही जागा सापडू शकते. खेड्यात आणि पाड्यावर मात्र अडचण जिरवण्याची नसून टिकवण्याची आहे.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. हे भांडे गळके आहे. पाऊस थांबल्यावर ओढे काही महिने वाहत राहतात, ते कोणाच्या पाण्यावर? वर आभाळ तर कोरडे असते. ते पाणी असते मुरुमातून पाझरणारे, म्हणजे आपल्याच विहिरीचे. जमीन उताराची, खाडी जवळ, त्यामुळे पाणी कोणी उपसले नाही तरी हळूहळू निघून जाते. उन्हाळ्यात टँकर येतो तो जूनमध्ये पाऊस कमी पडला म्हणून नव्हे, ऑक्टोबर ते जानेवारीत पाणी निसटले म्हणून येतो.

मग बोअर का नको?

कोणी म्हणेल, वरचे भांडे लहान असेल तर खालचे शोधू. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७२ च्या दुष्काळात हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी काळ्या पाषाणात थोड्या वेळात खोल भोके पाडून दाखवली. त्या विंधण-विहिरींवर बसवलेल्या हातपंपांनी असंख्य गावांना पिण्याचे पाणी दिले. जालना आणि सोलापूर येथे हातपंप सुधारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतूनच पुढे 'इंडिया मार्क टू' हा मजबूत हातपंप घडला आणि तो आफ्रिकेपर्यंत पोहोचला. आपल्या राज्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही १९७२ सालचीच. दोन लाव्हाथरांच्या सांध्यात, खोल तड्यात पाणी सापडते हेही खरे आहे. भिवंडी तालुक्यातच तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. तेव्हा पावसाचे पाणी एखाद्या खोल भेगेतून बरेच खाली गेले, तापले आणि दुसऱ्या वाटेने वर आले, असाच या कुंडांचा अर्थ आहे.

पण अशी कुंडे गावोगावी आहेत का? नाहीत. खोल भेगा थोड्या, आणि जसजसे खाली जावे तसतशी वरच्या खडकाच्या भाराने त्या मिटत जातात. म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि वीस पावलांवरची दुसरी धूळ ओकते. ठाणे जिल्ह्यात तर जुन्या लाव्हाथरांना कापून वर आलेल्या खडकाच्या उभ्या भिंती जमिनीत आहेत. भूशास्त्रात त्यांना 'भित्ती' असेच नाव आहे. एखादी भित्ती धरणासारखी पाणी अडवते, तर दुसरीच्या तड्यांतून पाणी धावते. नारळ तळहातावर उभा करून पाणी सांगणारा पाणाड्या हे जाणत नाही. त्याचे भाकीत उथळ विहिरीच्या बाबतीत अनेकदा खरे ठरते, कारण मुरुमाचा थर असेल तेथे आठ-दहा मीटर खणल्यावर थोडेफार पाणी बहुतेक ठिकाणी लागतेच. खोल बोअरच्या बाबतीत नारळ हरतो आणि पैसे जातात घरमालकाचे.

यापेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. खोल फटीतले पाणी कोठून येते? तेही शेवटी पावसाचेच असते आणि पुष्कळदा वरच्या मुरुमातूनच झिरपून आलेले असते. म्हणजे खोल बोअर ही दुसरी तिजोरी नसते. जुन्या तिजोरीला मागून पाडलेले भोक असते. एकाने तीनशे फुटांवरून मोटार लावली की शेजारच्या तीस फुटी विहिरीचे पाणी उतरू लागते. खाडीच्या कडेला अति उपसा केला तर गोडे पाणी मागे हटून खारे पाणी आत येण्याचा धोका निराळाच. राज्याच्या २००९ सालच्या भूजल अधिनियमाने ६० मीटर किंवा अधिक खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हणून वेगळे काढले आहे, ते याच काळजीपोटी. पिण्याच्या पाण्यासाठी नीट पाहणी करून, खडकाची माहिती घेऊन घेतलेली बोअर मला मान्य आहे. वरचा थर गमावल्यावर भरपाई म्हणून मारलेली बोअर मान्य नाही.

गोधडे कोण नेते?

आता लेखाच्या मथळ्याकडे येतो. भिवंडी पूर्वी भाताच्या शेतांनी वेढलेली होती. मग यंत्रमाग आले, आणि गेल्या काही दशकांत महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. गोदामांमुळे हजारोंना काम मिळाले आहे. ती नकोत असे मी म्हणत नाही. पण ती उभी राहतात कशी, ते पाहा. भातखाचर सखल असते, म्हणून त्यात भराव टाकावा लागतो. भरावासाठी मुरूम लागतो. तो आणायचा जवळच्या टेकडीवरून. टेकडी कापली जाते, खाचर बुजते, भरावावरून रूळ फिरतो आणि वर काँक्रीट येते.

पाण्याच्या हिशेबात एकाच व्यवहारात तीन नुकसाने झाली. बांधाआड पाणी थोपवणारे खाचर गेले. काँक्रीटने जमीन झाकली गेल्यामुळे तिथला पाऊस मुरणे थांबले. आणि टेकडीवरचा मुरूम, म्हणजे जे पाण्याचे भांडे होते, तेच उचलले गेले. खाली उघडा पडलेला काळा पाषाण पाणी धरत नाही. मुरूम पुन्हा तयार व्हायला हजारो वर्षे लागतील.

मुरूम ब्रासवर विकला जातो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिक मापात सुमारे २.८३ घनमीटर, म्हणजेच २,८३० लिटर. पावसाळ्यात पाण्याने भरणाऱ्या थरातला हा मुरूम असेल, तर त्याच्या २ टक्के, म्हणजे सुमारे ५६ लिटर पाणी तो दर वर्षी देऊ शकत होता. आता दुसरा एक आकडा आठवा. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनने ठरवले आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्यासारखा. एक ब्रास मुरूम गेला की एका माणसाचे एका दिवसाचे पाणी गेले. आणि तेही केवळ यंदाचे नव्हे, दर वर्षीचे.

एक हेक्टर जागेवरून एक मीटर जाडीचा थर कापला, तर १०,००० घनमीटर मुरूम निघतो. त्याचे साडेतीन हजारांहून अधिक ब्रास होतात. त्याबरोबर वर्षाला २ लाख लिटर पाणी साठवण्याची जागा गेली. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज २७५ लिटर लागतात, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख लिटर. तेव्हा प्रत्येक हेक्टरमागे दर मीटरला दोन कुटुंबांचे वर्षभराचे पाणी आपण ट्रकमधून पाठवले. टेकडीचा माथा पाणी धरत असेलच असे नाही, आणि सगळे पाणी विहिरीतच उतरते असेही नाही. म्हणून हा आकडा मी कमाल मर्यादा समजतो. तो निम्मा धरला तरी विचार करायला लावणारा आहे. मुरूम हे कायद्याने गौण खनिज आहे आणि त्यावर सरकारला ब्रासमागे स्वामित्वधन द्यावे लागते. म्हणजे ब्रास मोजले जातात, पावती फाडली जाते. त्या पावतीवर गेलेल्या पाण्याचा रकाना तेवढा नसतो.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, खडकाच्या फटीतून ते तसे गाळले जात नाही. फटीत शिरलेले रंगाचे, कांजीचे किंवा मैल्याचे पाणी गाळणीशिवाय दूर जाते. म्हणून आटलेली विहीर ही कचराकुंडी नव्हे आणि कोरडी बोअर ही सांडपाण्याची नळी नव्हे. ती भांड्याची तोंडे आहेत. आज तिथे टाकलेली घाण उद्या कोणाच्या तरी हंड्यात येते.

काय करता येईल?

"गोदामे बांधायची नाहीत तर लोकांनी खायचे काय?" असा प्रश्न मला एका सद्गृहस्थांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गोदामाच्या छपरावरच आहे. एक हजार चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला २५ लाख लिटर पाऊस पडतो. त्यातला पाचवा भाग वाया गेला तरी २० लाख लिटर उरतो. साठ कुटुंबांना चार महिने पुरेल एवढे हे पाणी आहे. त्यासाठी लागेल २० मीटर रुंद, २५ मीटर लांब आणि ४ मीटर खोल अशी टाकी. टाकीला खर्च येईल, जागा जाईल, पाणी पिण्याजोगे ठेवण्यासाठी ते गाळावे व तपासावे लागेल, हे सगळे कबूल. पण ज्याने जमिनीतले भांडे उचलले, त्याने जमिनीवर दुसरे ठेवावे, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. जेथे जिरवायला जागा नाही, तेथे साठवायला हवे.

दुसरे काम पाड्यावरचे. ओढ्याला पाणी असतानाच, म्हणजे पाऊस सरता सरता, रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालावेत. ओढ्यातली पातळी हातभर वाढली की मुरुमातल्या पाण्याला बाहेर पडायचा उतार कमी होतो आणि ते सावकाश निघते. हे काम जुलैत केले तर पुरात वाहून जाते आणि जानेवारीत केले तर उशीर झालेला असतो. त्याचे पंचांग खडकानेच ठरवलेले आहे.

तिसरे काम हिशेबाचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तेथे वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, भिवंडीच्या एक-षष्ठांश. खडक आपल्यासारखाच, बेसाल्ट. त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यायचे ते ठरवण्याची पद्धत पाडली. सहापट पाऊस पडणाऱ्या आपण एकदाही ताळेबंद मांडू नये, हे मला बरे वाटत नाही.

आणि हा ताळेबंद मांडायला तुम्ही सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे. सरकारी यंत्रणा ठरावीक निरीक्षण-विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. पण प्रत्येक पाड्यावरची विहीर तिच्या यादीत असणे शक्य नाही. तुमच्या शाळेजवळची, कठडा असलेली एक विहीर निवडा. शिक्षकांना बरोबर घ्या. विहिरीवर एकट्याने जायचे नाही आणि कठड्यावर चढायचे नाही. दोरीला एक छोटा दगड बांधा, दर मीटरला रंगीत धागा गुंडाळा. कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर पंधरा दिवसांनी, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक असेल तर पाऊसही लिहा. जून ते पुढचा जून असा एक आलेख काढा.

त्या आलेखात तुम्हाला तीन गोष्टी दिसतील. भांडे कोणत्या आठवड्यात भरले, पाऊस संपल्यावर ते दर पंधरवड्याला किती रिकामे झाले आणि तळ कधी लागला. शेजारी नवी बोअर पडली, टेकडी कापली गेली किंवा बंधारा घातला गेला, तर पुढच्या वर्षीची रेघ बदलेल. ती रेघ ग्रामसभेत भिंतीवर लावा. "आमची विहीर पूर्वी एप्रिलपर्यंत टिकायची" असे म्हणणाऱ्याला कोणीही खोटे पाडू शकतो. तारखा घातलेल्या आलेखाला खोटे पाडणे अवघड असते.

त्या मुलीला मी त्या दिवशी एवढेच सांगितले होते की तुझ्या पाड्यावर पाऊस कमी पडत नाही, तुझ्या पाड्याखालचे भांडे लहान आणि गळके आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सर, आमच्या वरच्या टेकडीचा मुरूम नेतात, तो या भांड्याचाच ना?"

हे मी तिला सांगितले नव्हते. तिने ते स्वतः जोडले होते. तुम्हीही आपल्या गावातली टेकडी, विहीर आणि टँकर यांची जोडणी करून पाहा, आणि पुढच्या वेळी मुरुमाने भरलेला ट्रक समोरून गेला की त्यात किती ब्रास असतील ते मनातल्या मनात मोजा. तेवढ्या माणसांचे एक दिवसाचे पाणी त्यातून चालले आहे.